प्रार्थनेत ठेवलेला माणूस

चर्चच्या मंडळीतली पोरंसोरं त्यांना ‘ठेवलंयकाका’ म्हणायची, आणि ते काही उगाच नव्हतं. कोणाची नोकरी गेली, कोणाचं लग्न जमेना, कोणाचं छप्पर गळायला लागलं आणि ते काकांच्या कानावर घातलं, की डोळे मिटून, मान डोलावून ते म्हणायचे, “प्रार्थनेत ठेवलंय.” एकदा त्यांच्याच न्हाणीघरात पाणी तुंबलं. तीन दिवस काका तेच म्हणत राहिले. चौथ्या दिवशी काकूंनी पदर खोचला आणि सांगितलं, देवाला पुष्कळ कामं आहेत, तुम्ही आपले नळवाल्याकडे जा.

पण माणूस ढोंगी नव्हता हो. ठेवलंय म्हणाले की खरंच ठेवलेलं असायचं. त्यांची एक वही होती, स्वतःच्या हातानं शिवलेली, निळ्या पुठ्ठ्याची. रोज पहाटे पाचला उठून, गुडघे टेकून ते त्या वहीतलं एकेक नाव देवापुढं घ्यायचे. ज्याचं काम झालं त्याच्यापुढं लाल पेन्सिलीची बारीक खूण. वही भरली की नवी शिवायची आणि राहिलेली नावं तिच्यात उतरवायची. अशा सात वह्या झाल्या. सातही वह्यांत पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीवर एकच नाव होतं, आणि त्याच्यापुढं लाल खूण कधीच पडली नाही. ते नाव होतं लंबू.

लंबू म्हणजे छापखान्यातला त्यांचा सोबती. दोघं एकाच महिन्यात बाइंडिंग खात्यात लागले होते. काका बुटके आणि गप्पिष्ट, लंबू ताडमाड आणि अबोल. एकाच डब्यातून जेवायचे, एकाच देवळात जायचे, उपासनेला एकाच बाकावर बसायचे. मालक म्हणायचे, या दोघांना एकत्र शिवलंय की काय कोणी.

आता त्या दोघांत काय भानगड झाली ते सांगायचं तर बाइंडिंगबद्दल चार शब्द सांगावे लागतील. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, त्याची घडी घातली की झाला एक फर्मा. असे अठरा फर्मे क्रमानं एकावर एक आले की पुस्तक. त्यासाठी लांबलचक टेबलावर एक ते अठरा असे फर्म्यांचे ढीग ओळीनं लावायचे आणि टेबलाभोवती फिरत प्रत्येक ढिगातला एकेक फर्मा उचलत जायचं. याला म्हणतात जुळणी. ढीग लावणाऱ्यानं एकदा आकडे नीट बघून घेतले की फिरणारा पुन्हा बघत नाही. बघत बसला तर दिवसाला पन्नास पुस्तकंसुद्धा व्हायची नाहीत.

जुळणी हे लंबूचं काम. टेबल तोच लावायचा, तोच फिरायचा. त्या दिवशी मंडळीच्याच नव्या गीतपुस्तकाचं काम होतं, सहाशे प्रतींचं, आणि रविवारी देवळात त्याचं समर्पण. नेमका त्याच सकाळी लंबूच्या घरचा नळ फुटला. घरभर पाणी. आठ वाजले, सव्वाआठ वाजले, गडी आला नाही. मालक नऊला यायचे आणि उशीर म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काकांनी विचार केला, आपल्या मित्राचं टेबल आपणच लावून टाकू. कोणाला न सांगता लावलं. चांगल्या मनानं लावलं, हे विसरता कामा नये. पण मांडणीवर काही ढीग उलटे ठेवलेले होते, फर्म्याचा आकडा कोपऱ्यात बारीक, तोही इंग्रजी, आणि इंग्रजी सहा उलटा धरला की होतो नऊ. काकांनी मांडणीवरच आकडे वाचले, आणि सहाच्या जागी नऊ लावला, नवाच्या जागी सहा. लंबू धापा टाकत आला, तयार टेबल बघून हसला, काकांच्या पाठीवर थाप मारली आणि फिरायला लागला.

रविवारी समर्पणाच्या उपासनेत त्या वर्षी वारलेल्यांच्या आठवणीचं गीत घेतलं. सगळे उभे. पहिली दोन कडवी डोळ्यांत पाणी आणून म्हटली, आणि पुढचं म्हणायला नजर उजव्या पानावर गेली तर तिथं लग्नाचं गीत. ज्यांना शोकगीत पाठ होतं ते मृतांना निरोप देत राहिले, आणि पुस्तकात बघणारे नवरानवरीला आशीर्वाद द्यायला लागले. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी आधी हात वर उचलले, मग कपाळाला लावले. पाळकसाहेबांना हसावं की रागवावं कळेना. सहाशेच्या सहाशे पुस्तकं तशीच.

सोमवारी मालकांनी दोघांना उभं केलं. आवाज चढलेला. टेबल कोणी लावलं होतं, विचारलं. लंबूनं एकदा काकांकडे बघितलं. एकदाच. मग खाली बघत उभा राहिला. काका सदऱ्याचं बटण चाचपत राहिले. त्याच महिन्यात मालक त्यांना फोरमन करणार होते, घरी सगळ्यांना सांगूनही झालं होतं. मालकांनी पुन्हा विचारलं, जुळणी कोणाची? लंबू म्हणाला, “माझी.” झालं. दुपारच्या आत त्याचा हिशेब मिटवून त्याला घरी पाठवला. काकांनी पुढं तीन आठवडे बसून ती सहाशे पुस्तकं उसवली आणि पुन्हा शिवली. सगळे म्हणाले, बघा, दुसऱ्याची चूक किती मनापासून निस्तरतोय.

देव गप्प बसला असता तर या गोष्टीला फारसा अर्थ नव्हता. पण त्याच आठवड्यात, बुधवारच्या प्रार्थनासभेला, पाळकसाहेबांनी संदेश दिला तो नेमका समेटाचा. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, देव थांबेल, आधी त्याच्याकडे जा. “आधी जा,” पाळकसाहेब दोनदा म्हणाले. काकांना वाटलं कोणीतरी पाठीत बोट खुपसलं. कोणी म्हणेल मनाचे खेळ. काकांना तिळमात्र शंका नव्हती. हा हुकूम आपल्याला आहे, आजचा आहे, हे त्यांना लख्ख कळलं.

घरी येऊन त्यांनी पहिली, कोरी वही उघडली आणि पहिल्या ओळीवर लिहिलं, लंबू. प्रार्थनेत ठेवला.

बघा म्हणजे गंमत. जायचं पाच गल्ल्या ओलांडून, आणि हे गेले गुडघ्यांवर. प्रभू, योग्य वेळ दाखव. प्रभू, मार्ग मोकळा कर. प्रभू, त्याचं मन तयार कर. स्वतःचं मन सोडून सगळ्यांचं मन तयार करायला सांगितलं देवाला. देवावर त्यांचा भरवसा होता, कोणी म्हणेल नव्हता तर मी ऐकून घेणार नाही. फक्त फोरमनच्या खुर्चीचं काम त्यांनी देवाच्या हाती दिलं नव्हतं, ते स्वतःकडेच ठेवलं होतं.

फोरमन झाले. वर्षं गेली. लंबूला कुठल्याच छापखान्यानं घेतलं नाही, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला खोक्यांच्या कारखान्यात लागला आणि तिकडेच राहायला गेला. आपल्या मंडळीत यायचा बंद झाला. काकांनी ऐकलं की तिकडच्या मंडळीत जातो, आणि त्यांना जरा बरं वाटलं. मग त्यांनी देवाकडे खूण मागितली. लंबू मला एकटा भेटू दे, भेटला तर तुझी खूण समजून त्याच क्षणी सांगतो.

भेटला की. महिनाभरात भेटला. संध्याकाळी बसथांब्यावर, हातात डबा, आजूबाजूला चिटपाखरू नाही. काका हवापाण्याचं बोलले. बरं चाललंय ना, विचारलं. चाललंय, लंबू म्हणाला. त्याची बस आली, तो चढला नाही. तसाच उभा राहून काकांकडे बघत होता. काका म्हणाले, “अरे, तुझी बस गेली.” लंबू म्हणाला, जाऊ दे, दुसरी येईल. दुसरीही आली. तेव्हा मात्र तो चढला. त्या रात्री वहीपुढं काकांनी देवाला सांगितलं की रस्त्यावर अशी गोष्ट बोलणं बरं दिसत नाही, घरी भेट घडव. पुढं कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की लंबूनं ती बस कशासाठी सोडली होती.

काकूंना हे कळलं आठव्या वर्षी. वह्या झाडताना सगळ्यांत पहिलं नाव तेच दिसलं, म्हणाल्या, या लंबूचं असं काय अडलंय की आठ वर्षं सुटेना? काकांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. सांगताना रडलेसुद्धा. काकूंनी वही मिटली. मग म्हणाल्या, “त्यानं तुम्हाला काम सांगितलंय. तुम्ही तेच काम उलट त्यालाच सांगताय.” काकांनी मान हलवली. उद्या जातो म्हणाले. उद्या लंबूच्या कारखान्याला सुट्टी निघाली, परवा मालकांकडे लग्न, पुढच्या आठवड्यात काकांचा गुडघा धरला. काकूंनी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा सोडून दिली. संसारात माणूस किती म्हणून ढकलणार.

अशी बावीस वर्षं झाली आणि काका निवृत्त झाले. मंडळीनं ठरवलं, काकांची साक्ष ठेवायची, विषय देवावर भरवसा. याहून योग्य माणूस कोण होता? काका उभे राहिले, छान बोलले. देवानं कसं सांभाळलं, आजारपणं कशी निभावली, पस्तीस वर्षांत एक दिवस काम नाही असं झालं नाही. बायका डोळे पुसत होत्या. नंतर अंगणात चहा होता. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्या कपात बिस्किट बुडवत म्हणाल्या, “तुमच्यासोबत तो एक उंच होता ना? काय फजिती केली होती मेल्यानं आपली! मयताला लग्न लावलं!” सगळे खो खो हसले. काकाही हसले.

घरी परत जाताना काकू चार पावलं पुढं चालत होत्या. एरवी त्या मागं असायच्या, पाय दुखतात म्हणून. फाटकापाशी थांबल्या. “तुम्ही हसलात,” एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

तो शब्द काकांना जेवू देईना. बावीस वर्षं गप्प राहिलो, ते भीतीपोटी, असं ते स्वतःला सांगत आले होते. पण हसलो कशापोटी? याचं उत्तर देताना माणसाला स्वतःची किळस यावी, तशी त्यांना आली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते गुडघ्यांवर बसले, वही उघडलीच नाही. उठले, सदरा घातला, आणि पहिल्या बसनं निघाले.

लंबूचं घर शोधायला दोन तास लागले. तीन मजली चाळवजा इमारत, जिन्यात सायकली आणि पाण्याचे पिंप. दार लंबूनंच उघडलं. तो आता वाकला होता, तरी चौकटीला डोकं टेकेल इतका होताच. ये, म्हणाला, जणू काही कालच भेटले होते. एक खोली आणि मागं स्वयंपाकघर. खिडकीपाशी पुठ्ठ्याचे छोटे छोटे डबे करून रचलेले, कोपरे इतके नेटके की काकांचा हात आपसूक त्यांच्यावर फिरला. भिंतीवर लंबूच्या बायकोचा फोटो होता, आणि माणसाचा इतका मोठा फोटो घरात केव्हा लागतो ते काकांना माहीत होतं. कधी गेली, त्यांनी विचारलं. दीड वर्ष झालं, लंबू म्हणाला. मुलीला त्यानं आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं. तिनं दारातून डोकावून नमस्कार केला. नोकरी गेली त्या सोमवारी ती पहिलीत होती, आता शाळेत गणित शिकवत होती.

काका बसलेही नाहीत. उभ्या उभ्या, जे पाच वाक्यांत सांगता आलं असतं ते त्यांनी पाच वाक्यांत सांगितलं. टेबल मी लावलं होतं. सहा आणि नऊ मी बदलले. मालकांसमोर मी गप्प बसलो. तुझी नोकरी माझ्यामुळं गेली. मला माफ कर.

“मला माहीत आहे,” लंबू म्हणाला. “मी लावलं नव्हतं, आणि खात्यात आपण दोघंच होतो. बस आता.”

काका खुर्चीत बसले. मग तू मालकांना सांगितलं का नाहीस, विचारलं. लंबू म्हणाला, माझा उशीर झाकायला तू ते केलं होतंस, तुझं नाव घ्यायला जीभ कशी उचलणार? मला वाटलं तू सांगशील. आज नाही तर उद्या सांगशील. घरी बायकोला म्हटलं, मी नाही केलं. ती म्हणाली मग कोणी केलं? मी म्हटलं, ज्यानं केलं तो स्वतः येऊन सांगेल, थोडी वाट बघ. तिनं बघितली. वर्षभर बघितली, दोन वर्षं बघितली. कोणी आलंच नाही, तेव्हा मीच खोटं बोलतोय असं तिनं धरलं, तुला कळतंय ना?

हे सगळं तो शांतपणे सांगत होता, आणि त्या शांतपणानंच काकांचा जीव जात होता. पोरीचं सांगितलं तेव्हा मात्र त्याचा आवाज जरा हलला. ती लहान असताना मी तिची गणितं तपासायला बसलो की वही ओढून घ्यायची, म्हणाला. म्हणायची, बाबा, तुम्हाला सहा आणि नऊ कळत नाही, आई तपासेल. तिचं काय चुकलं? पोरगी जे ऐकत होती तेच बोलत होती.

“मी रोज देवाला सांगायचो,” लंबू म्हणाला. “त्याच्या मनात घाल. एवढंच मागायचो, बाकी काही नाही. दहा वर्षं मागितलं. मग सोडलं. बायकोला म्हटलं, तू जा देवळात, मी येत नाही. वर कोणी ऐकत नाही.”

काकांनी तोंड वर केलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं. या बावीस वर्षांत त्यांनी हजार गोष्टींची भीती घेतली होती, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस गुडघे टेकून त्यांची वाट बघतोय आणि त्यांच्यापायी देवाला मुका समजतोय, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आता हे सांगावं की गिळावं? सांगितलं तर आपण होतो त्याहून वाईट ठरणार. पण या वेळी त्यांनी वेळ मागितली नाही.

“घातलं होतं,” ते म्हणाले. “पहिल्याच आठवड्यात, बुधवारी. त्यानं मला स्पष्ट सांगितलं, आधी त्याच्याकडे जा. तुझं त्यानं ऐकलं होतं. मीच आलो नाही.”

लंबू उठला. खिडकीपाशी गेला, काकांकडे पाठ करून उभा राहिला. काकांना वाटलं आता हा आपल्याला हाकलणार, आणि ते उठून उभे राहिले. पण तो वळला तेव्हा रागापेक्षा थकवाच जास्त होता. मी त्याच्याशी बारा वर्षं अबोला धरला रे, म्हणाला. बारा वर्षं. आणि तुला? तुला काय म्हणू मी? स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवून तो म्हणाला, “आत जा आणि तिला सांग. मला सांगितलंस तसंच.”

काका गेले. मुलगी ओट्यापाशी चहा गाळत होती. काकांनी तीच पाच वाक्यं पुन्हा म्हटली. तिनं गाळणं खाली ठेवलं. ती काकांकडे बघेना, त्यांच्या खांद्यावरून मागं दारात येऊन उभ्या राहिलेल्या वडिलांकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

“बाबा, आईला माहीत होतं?”

“नाही,” लंबू म्हणाला. “ती मला माफ करून गेली.”